रायफलचा दस्ता : अखंड अक्रोड की थरांचे लाकूड?

पावसाळा सरता सरता बंदूक दुरुस्तीच्या दुकानात एक ठरलेली तक्रार येते. नेमबाजी क्लबातला एखादा तरुण आपली .२२ ची रायफल घेऊन येतो आणि म्हणतो, "मिस्त्री, मे महिन्यात गोळी बरोबर मध्ये लागत होती. आता पन्नास मीटरवर चार बोटे उजवीकडे जाते. दुर्बीण बिघडली काय?" जाणता मिस्त्री दुर्बिणीला हातही लावत नाही. खिशातून दहाची नोट काढतो, तिची घडी उलगडतो आणि नळी व लाकूड यांच्यामधल्या फटीत सरकवतो. डाव्या बाजूने नोट सहज मागेपर्यंत जाते, उजव्या बाजूला अडकते. दुर्बीण ठीक असते. लाकडाने पाणी प्यायलेले असते, ते फुगून नळीला एका अंगाने रेटत असते.

यानंतर गिऱ्हाईक जो प्रश्न विचारतो त्यावर आजचा हा लेख आहे. "मग मिस्त्री, हे अक्रोड काढून लॅमिनेटचा दस्ता बसवू का? टिकेल ना?"

दस्ता म्हणजे बंदुकीचा लाकडी भाग. आपल्याकडचे जुने कारागीर त्याला कुंदाही म्हणतात. सुतार, पॉलिशवाले, वखारवाले आणि परवानाधारक बंदूक विक्रेते अशा चौघांचा या प्रश्नाशी संबंध येतो, आणि चौघेही बहुधा वेगवेगळे उत्तर देतात. वखारवाला अखंड लाकडाची तरफदारी करतो, कारण त्याच्याकडे तेच असते. परदेशी माल आणणारा लॅमिनेटला अमरपट्टा देतो. गिऱ्हाईक मधल्या मध्ये दोनदा पैसे घालवते. म्हणून आधी लाकूड काय करते ते पाहू, भावाचे नंतर.

लाकूड हलते म्हणजे काय

लाकूड तोडल्यावर मरते, पण त्याची हवेशी देवाणघेवाण थांबत नाही. हवा दमट असली की ते ओलावा घेते व फुगते, कोरडी असली की ओलावा सोडते व आकसते. हे फुगणे-आकसणे तिन्ही दिशांना सारखे नसते. रेश्यांच्या लांबीच्या दिशेने ते जवळजवळ नसतेच. गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने ते बरेच असते आणि वार्षिक वलयांच्या कडेकडेने सर्वांत जास्त. अमेरिकन काळ्या अक्रोडाचे आकडे पुस्तकांतून मिळतात. ओल्या लाकडापासून पूर्ण सुके होईपर्यंत ते गाभा-साल दिशेने सुमारे साडेपाच टक्के व वलयांच्या दिशेने सुमारे पावणेआठ टक्के आकसते.

आता हिशेब करा. दस्त्याचा पुढचा भाग, ज्यात नळी बसते, तो ४५ मिलिमीटर रुंद आहे असे समजू. सोलापूर किंवा मराठवाड्याच्या उन्हाळ्यात उघडे लाकूड सहा ते आठ टक्के ओलाव्यावर येऊन ठरते. रत्नागिरी-मालवणच्या पावसाळ्यात तेच लाकूड सोळा-अठरा टक्क्यांवर जाते. आठ टक्क्यांचा फरक धरला आणि लाकूड वलयांच्या दिशेने कापलेले असले, तर रुंदीत सुमारे नऊ दशांश मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ एक मिलिमीटर फरक पडतो. पॉलिश असेल तर हा फरक हळू पडतो व पुरता पडत नाही, पण पडतो. नळी आणि लाकूड यांच्यातली फट अनेक रायफलींत एक मिलिमीटरही नसते.

नुसते सगळीकडून सारखे फुगले असते तर एवढी अडचण नव्हती. अखंड लाकडात एका बाजूला वलये दाट, दुसऱ्या बाजूला विरळ, कोठे रेषा वळलेली, कोठे गाठीची सावली. म्हणून ते फुगताना पिळवटते. पीळ पडला की नळीवर एका बाजूने दाब येतो आणि गोळी त्या दाबाप्रमाणे सरकते. वर सांगितलेल्या तरुणाच्या चार बोटांचे कारण हेच.

थरांची कल्पना कोठून आली

लॅमिनेट ही शोभेसाठी निघालेली फॅशन नव्हे. ती टंचाईतून निघाली. १९३५ मध्ये जर्मन सैन्याने माउझरची कारबाइन ९८के ही रायफल स्वीकारली, तेव्हा दस्ते अखंड अक्रोडाचे होते. अक्रोडाचा ओंडका फळ्या करून वर्षानुवर्षे सुकवावा लागतो. रायफली मात्र लाखांनी हव्या होत्या. त्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी बीच नावाच्या झाडाचे सुमारे दीड मिलिमीटर जाडीचे पापुद्रे काढून, फिनॉलच्या रेझिनने चिकटवून, गरम दाबात ठोकळे बनवले आणि त्यातून दस्ते कोरले. पातळ पापुद्रा लवकर सुकतो, वर्षे लागत नाहीत. शिवाय हे दस्ते पिळवटत नाहीत असे आढळले. किंमतही कमी पडली. तोटा एक होता, वजन वाढले.

रशियाने तोच मार्ग धरला. १९५९ च्या एकेएम रायफलचे लाकूड आणि १९६३ च्या ड्रागुनोव्ह नेमबाज रायफलचा सुरुवातीचा दस्ता बर्चच्या थरांचा होता. बर्फ, चिखल, पाऊस यांत ही लाकडे वापरली गेली आणि त्यांतली पुष्कळ आजही शाबूत आहेत. अमेरिकेत पुढे बर्चचे पापुद्रे निरनिराळ्या रंगांत बुडवून रंगीबेरंगी लॅमिनेट निघाले. करड्या-काळ्या पट्ट्यांचे जे दस्ते आपण मासिकांतून पाहतो ते हेच. तेथे पापुद्रा साधारण एक सोळांश इंच जाडीचा असतो आणि बहुतेक सर्व पापुद्र्यांचे रेशे एकाच दिशेने, म्हणजे नळीच्या दिशेने ठेवलेले असतात.

शेवटचे वाक्य सुतार बांधवांनी नीट लक्षात ठेवावे, कारण पुढे फसवणूक तेथेच होते.

थर दिल्याने होते काय? पुष्कळांचा समज असा की लॅमिनेट फुगत नाही. हा समज चुकीचा आहे. लाकूड ते लाकूडच, ओलावा मिळाला की तेही फुगते. पण तीस-पस्तीस पापुद्रे एकमेकांना चिकटलेले असतात, प्रत्येकाचा पिळण्याचा कल वेगळा असतो, आणि ते एकमेकांना धरून ठेवतात. एका घरातल्या पस्तीस भावांपैकी कोणी एकाने वेगळी वाट धरायची म्हटली तरी बाकीचे धरून ठेवतात, तसे. मधल्या रेझिनच्या थरांमुळे ओलावाही सावकाश आत जातो. त्यामुळे लॅमिनेटचा दस्ता फुगला तरी बहुधा सरळ राहून फुगतो, नळीच्या एका कुशीत शिरत नाही. नेमबाजाला हवे असते ते एवढेच. आज ऑलिम्पिकला जाणारे नेमबाज ज्या जर्मन बनावटीच्या रायफली वापरतात त्यांत ॲल्युमिनियमचे दस्ते व थरांच्या लाकडाचे दस्ते दिसतात, त्याचे कारणही हेच. कोल्हापूर जिल्ह्यातील तेजस्विनी सावंत २०१० मध्ये जागतिक विजेती झाली आणि त्याच जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे याने २०२४ मध्ये पॅरिसला पन्नास मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले. त्यानंतर क्लबांची आणि त्यांच्याबरोबर दुरुस्तीच्या कामांची विचारपूस वाढली असेल तर नवल नाही.

अखंड लाकडाची बाजू

म्हणून अखंड लाकूड टाकाऊ ठरते काय? मुळीच नाही. चांगल्या अक्रोडाने शंभर वर्षे नोकरी बजावल्याचे पुरावे आपल्याच देशात आहेत. बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ली-एनफिल्ड जातीच्या रायफली तयार झाल्या. आज तो कारखाना, २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाच्या सात कंपन्या झाल्यापासून, त्यांपैकी एका सरकारी कंपनीकडे आहे. तेथली .३१५ बोअरची स्पोर्टिंग रायफल अनेक परवानाधारकांच्या घरी आहे.

ईशापूरच्या कारागिरांनी अखंड लाकडाचे दुखणे ओळखून त्यावर साधा उपाय केला होता. पुढच्या लाकडातून त्यांनी आडवा स्क्रू घातला. लाकूड उभे फाटू नये एवढाच त्याचा हेतू. जगभरचे जुन्या रायफलींचे शौकीन आजही त्याला ईशापूर स्क्रू म्हणतात. ऑस्ट्रेलियात लिथगो येथे अक्रोडाऐवजी स्थानिक मऊ लाकूड वापरावे लागले, तेव्हा तेथल्या लोकांनी धक्का झेलणाऱ्या जागी तांब्याच्या पट्ट्या बसवल्या. या दोन उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. दस्ता बहुधा सगळीकडून जुना होऊन मरत नाही, तो ठरलेल्या दोन-तीन जागी मरतो. धक्का झेलणारी जागा, हाताने धरतो तो बारीक गळा, आणि जेथे स्क्रू लाकूड दाबतो ती भोके. अखंड असो की थरांचे, या तीन जागा सांभाळल्या की दस्ता टिकतो.

ली-एनफिल्डविषयी येथे एक सूचना केली पाहिजे, कारण या चुकीने आजवर पुष्कळ चांगली लाकडे फाटली आहेत. या रायफलचा दस्ता दोन तुकड्यांचा असतो. मागचा तुकडा एका लांब बोल्टने धरलेला असतो. त्या बोल्टचे चौकोनी टोक जुन्या नमुन्यात पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेले असते. मागचा तुकडा हलू लागला म्हणून कोणी उत्साहाने बोल्ट फिरवला, तर तो चौकोन आतून पुढचे लाकूड फाडतो. म्हणून आधी पुढचे लाकूड उतरवायचे, मगच बोल्टला हात लावायचा. हे काम न येणाऱ्याने घेऊच नये.

अखंड लाकडाची ताकद रेश्यांत असते. गळ्याशी दस्ता खाली वाकतो. तेथे रेशे त्या वाकाबरोबर वळत गेले असतील तर गळा धक्का सोसतो. रेशे सरळ जाऊन गळ्याच्या खालून बाहेर पडत असतील, तर तो लहान रेश्यांचा गळा झाला, आणि बंदूक एकदा जीपमधून पडली की तो तेथेच मोडणार. म्हणून जुने उस्ताद ओंडक्यातून फळी काढण्याआधीच खडूने दस्ता आखत. मुळाजवळच्या भागात लाकूड नैसर्गिक वळण घेते, तेथे गळा पडेल असा आखत. नक्षीदार रेषांचा तुकडा गिऱ्हाइकाला आवडतो. ती नक्षी मागच्या रुंद भागात असावी, गळ्यात व नळीखाली लाकूड साधे व सरळ असावे. नळीखाली नक्षी असलेला दस्ता दिसायला राजा असतो, पण पावसात सर्वांत आधी तोच वाकतो.

श्रीनगरच्या रैनावारीत बंदूकखार मोहल्ला म्हणून वस्ती आहे. बंदूकखार म्हणजे बंदुकीचा लोहार. तेथल्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अक्रोडाचे दस्ते कोरले. बिहारमधील मुंगेरला तर अठराव्या शतकात मीर कासिमने राजधानी नेली, त्याचा सेनापती गुर्गिन खान याने तेथे बंदुका ढाळण्याची व्यवस्था उभी केली, आणि तो हुन्नर आजही त्या गावात आहे. काश्मीरचा अक्रोड मात्र पूर्वीसारखा हाती येत नाही. १९६९ च्या कायद्याने तेथे अक्रोडाच्या झाडाच्या तोडीवर बंधने आली. परिणामी बाजारात अर्धवट सुकलेला माल अक्रोड म्हणून येतो. कित्येकदा त्यात बाहेरचा पांढरा भाग रंगवलेला असतो. त्या पांढऱ्या भागाला बारीक कीड लवकर धरते. दोन पावसाळ्यांत खालून पीठ गळू लागते, तेव्हा गिऱ्हाइकाला कळते की आपण काय विकत घेतले.

लाकूड सुकले की नाही हे बोटाने सांगता येत नाही. एक साधी रीत आहे. त्याच फळीच्या टोकापासून वीतभर आत जाऊन एक लहान तुकडा कापा, सोनाराच्या काट्यावर तोला. मग तो तुकडा भट्टीत शंभर अंशांच्या किंचित वर, सुमारे १०३ अंशांवर, वजन घटायचे थांबेपर्यंत सुकवा व पुन्हा तोला. आधी ५४ ग्रॅम भरला आणि नंतर ४८ भरला, तर सहा ग्रॅम पाणी गेले. सहाला अठ्ठेचाळीसने भागा, साडेबारा टक्के. दस्त्यासाठी महाराष्ट्रात दहा-बारा टक्क्यांचे लाकूड घ्यावे. अठरावाले लाकूड घेऊन कोरीव काम केले तर उन्हाळ्यात बोल्ट आपोआप ढिले होतात.

मिरजेच्या सतारी घडवणाऱ्या घराण्यांना हे सांगावे लागत नाही. ती मंडळी मूळची शिकलगार, शस्त्रांना धार देणारी. पुढे तंतुवाद्यांकडे वळली. लाकूड वर्षानुवर्षे ठेवून मगच हात लावायचा ही शिस्त त्यांच्याकडे आजही पाहायला मिळते. वाद्य आणि दस्ता, दोहोंचे दुश्मन एकच, कच्चे लाकूड.

फसवणूक कोठे होते

आता बाजारातल्या लॅमिनेटबद्दल. परदेशी ठोकळा महाग पडतो. शिवाय त्याचा पुरवठा थोड्याच गिरण्यांच्या हातात असतो. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात रटलंड येथे बंदूक कंपन्यांना लॅमिनेट पुरवणारी एक मोठी प्लायवुड गिरणी होती. २०१४ च्या ऑगस्टमध्ये ती आगीत भस्मसात झाली आणि कित्येक कंपन्यांना दुसरीकडे धाव घ्यावी लागली. असा माल मिळेना की आपल्याकडचा कोणी तरी फर्निचरचे प्लायवुड एकावर एक चिकटवून त्याला लॅमिनेट म्हणू लागतो.

हे दोन्ही एक नव्हेत. फर्निचरच्या प्लायवुडमध्ये थर आडवे-उभे असतात. दाराच्या फळीसाठी ते योग्य आहे, कारण तिला दोन्ही दिशांनी बळ हवे. दस्त्याला बळ लांबीच्या दिशेने हवे. आडव्या-उभ्या प्लायचा दस्ता कोरला तर निम्मे थर गळ्यात आडवे येतात, म्हणजे निम्म्या थरांचे बळ फुकट जाते. तो दस्ता दुकानात सुंदर दिसतो आणि पहिल्याच मोठ्या धक्क्याला गळ्यात कचकतो.

दुसरा प्रश्न डिंकाचा. सुतारकामाचा पांढरा डिंक खुर्चीसाठी ठीक आहे. उष्णता आणि ओलावा मिळाला की तो मऊ पडून थर सरकतात. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत रायफल दोन तास राहिली तरी पुरे होते. दस्त्याला फिनॉल रेझिनचा किंवा त्याच तोडीचा पाण्याला न दबणारा डिंक हवा. भारतीय मानकांत आयएस ३०३ मध्ये ओलावा सोसणारा व उकळते पाणी सोसणारा असे दोन दर्जे येतात, आणि आयएस ७१० हे मरीन प्लायचे मानक त्याहून कडक आहे. पहिल्यातील उकळते पाणी सोसणाऱ्या दर्जासाठी तुकडा आठ तास उकळतात, मरीनसाठी ७२ तास. शिक्का पाहून समाधान मानू नका. शिक्का छापणे सोपे आहे. घेतलेल्या ठोकळ्याच्या टोकाचा दोन बोटे रुंद तुकडा कापून घरच्या पातेल्यात आठ तास उकळा, सावलीत वाळवा, मग पटाशीची धार थराच्या रेघेवर लावून हातोडीने हलके ठोका. लाकूड तुटून रेशे वर आले तर डिंक पक्का. रेघेवरून पापुद्रा गुळगुळीत सुटला तर ठोकळा परत करा. एका पातेल्याच्या गॅसचा खर्च एका फुटलेल्या दस्त्यापेक्षा नक्कीच कमी पडतो.

कारागिराच्या हातचा हिशेब

विक्रेत्याला दोन्ही दस्ते सारखेच, पण कारागिराला नाहीत, आणि मजुरी ठरवताना हे विसरले की नुकसान आपले होते. अक्रोड पटाशीखाली लोण्यासारखा जातो. लॅमिनेटमधल्या रेझिनच्या रेघा धार खातात. साधी पटाशी दर थोड्या वेळाने दगडावर न्यावी लागते. यंत्रावर काम असेल तर कार्बाइडची पाती लागतात. कानस भरते. कडेच्या बारीक रेघा चटकन उडतात, म्हणून खोल कापता येत नाही, थोडे थोडे काढावे लागते. अखंड लाकडाच्या कामाचा जो दर आहे तोच लॅमिनेटला लावणारा मिस्त्री आठवड्याअखेर आपल्या धारेची किंमत स्वतःच्या खिशातून देतो. भुकटीही वाईट. अक्रोडाची भुकटी काहींना खाज आणते, पण रेझिनची भुकटी छातीत जाते. तोंडाला नुसता रुमाल बांधून भागत नाही, चांगला मास्क घ्यावा व पंखा पाठीमागे ठेवावा.

दुरुस्तीत मात्र अखंड लाकूड दयाळू आहे. त्याच्या गळ्याला चीर गेली तर चीर साफ करून, दोन नळ्यांचे ॲरल्डाइटसारखे रेझिन भरून, आतून आट्यांची पितळी सळई टाकून ते पुन्हा उभे करता येते. तुकडा उडाला तर त्याच रेषेचा तुकडा डकवता येतो आणि पॉलिशखाली सांधा दिसत नाही. लॅमिनेटचे थर उघडले की आत जुना डिंक असतो. नवा डिंक त्याच्यावर नीट धरत नाही, आणि खरवडायला जागा नसते. पट्ट्या जुळवून तुकडा डकवणे तर जवळपास अशक्यच. म्हणून माझे मत असे की लॅमिनेट मोडणे दुर्मिळ, पण मोडले की बहुधा नवा घ्यावा लागतो. अखंड लाकूड अधूनमधून दुखते, पण औषधाला दाद देते. गिऱ्हाइकाला टिकाऊ म्हणजे काय हवे आहे, न मोडणारे की दुरुस्त होणारे, हे आधी विचारून घ्यावे. पुष्कळ वेळा त्याने त्याचा विचारच केलेला नसतो.

वजनाचीही गोष्ट आहे. त्याच आकाराचा लॅमिनेटचा दस्ता अक्रोडापेक्षा जवळपास पाव किलोने जड भरतो. बसून किंवा आडवे पडून नेम धरणाऱ्याला ते फायद्याचे, धक्काही कमी लागतो. खांद्यावर घेऊन हिंडणाऱ्याला ते सायंकाळी कळते.

मग कोणाला काय?

क्लबातल्या नेमबाजाला, विशेषतः जो मुंबई-कोकणापासून पुणे-दिल्लीपर्यंत स्पर्धांना फिरतो, त्याला लॅमिनेट. हवा बदलली तरी त्याचा नेम टिकतो आणि त्याच्या कामाला एवढे पुरते. किनाऱ्यावर राहणाऱ्या व एकच रायफल बाळगणाऱ्या माणसालाही खात्रीचे लॅमिनेट मिळाले तर ते द्यावे. दुनळी बारा बोअरचा गळा बारीक असतो. त्याला लॅमिनेट घालू नये. बारीक गळ्यात सरळ पापुद्र्यांचे रेशे वाकातून बाहेर पडतात. तेथे वळणाचे अखंड अक्रोडच हवे. बापजाद्याची जुनी रायफल असेल तर तिचे जुने लाकूड शक्य तितके वाचवावे. बदललेल्या दस्त्याने ती बंदूक शौकिनांच्या लेखी निम्मी होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येतात, त्यामुळे लोक हातातली जुनी बंदूक जपण्याकडे वळले आहेत, ही गोष्ट दुकानदारांनी ध्यानात घ्यावी.

साग अनेकजण सुचवतात, कारण तो पाण्याला भीत नाही. पण तो तेलकट असल्याने डिंक कमी धरतो आणि धक्क्याला उभा फाटतो. दाराला साग द्या, बंदुकीला नको. शिसव बळकट आहे, पण फार जड.

कायद्याविषयी दोन शब्द. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे बंदूक बनवणे, विकणे वा दुरुस्त करणे या धंद्याला परवाना लागतो. नुसता हात चांगला असून भागत नाही. परवाना नसलेल्या सुताराने गिऱ्हाइकाची बंदूक घरी आणून काम करू नये. परवानाधारक दुकानदाराकडून काम घ्यावे, त्याच्या जागेत बसून करावे आणि पावतीवर नोंद करून घ्यावी. ४.५ मिलिमीटर बोअरच्या व २० ज्यूलपेक्षा जास्त जोर नसलेल्या एअर रायफलला २०१६ च्या नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. नव्या कारागिराने दस्त्याचे काम शिकायला तेथून सुरुवात करावी. तेथे गिऱ्हाईकही भरपूर आहे, आणि चूक झाली तर ती स्वस्तात पडते.

आता तेल आणि पॉलिश. दस्ता अखंड असो वा थरांचा, पाणी त्यात वरून कमी आणि आतून जास्त शिरते. कारखान्यातून बाहेरून आरशासारखे चकाकणारे लाकूड येते. मागची रबरी किंवा लोखंडी प्लेट काढून पाहा, आत लाकूड कोरेच असते. नळीच्या खोबणीतही कोरे. रेशांची उघडी टोके तेथेच असतात आणि ती स्ट्रॉप्रमाणे ओलावा ओढतात. जवसाचे उकळलेले तेल दिसायला सुंदर, पण ते वाफेला फारसे अडवत नाही. बाहेर तेल आवडत असेल तर लावा, आतून मात्र पातळ केलेल्या रेझिनचे किंवा पॉलियुरेथेनचे दोन-तीन हात मारा. मागची प्लेट, खोबण, स्क्रूची भोके, काही सोडू नका. आणि बंदुकीला तेल घालून ती नळी वर करून कपाटात उभी ठेवण्याची सवय बंद करा. जास्तीचे तेल ओघळून गळ्यामागच्या लाकडात मुरते, काही वर्षांनी ते लाकूड काळे व मऊ पडते आणि स्क्रू कितीही आवळला तरी धरत नाही. निवडणुकीच्या काळात बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागली, तर तेल पुसून, कोरड्या सुती कापडात गुंडाळून द्यावी. रेक्झिनच्या पिशवीत ओल कोंडते.

सुरुवातीच्या त्या तरुणाच्या रायफलीचे मिस्त्रीने काय केले? दस्ता उतरवला. खोबण आतून कोरी निघाली, तीत पॉलिशचा थेंब नव्हता. त्याने तो दस्ता तीन आठवडे माळ्यावर पंख्याच्या हवेत आडवा ठेवला. मग जेथे लाकूड नळीला लागत होते तेथून गोल पट्टीवर गुंडाळलेल्या पॉलिश पेपरने केसभर काढले. धक्का झेलणाऱ्या जागी लोखंडाला मेण लावून रेझिनचे आसन घातले, दोन्ही स्क्रूंसाठी ॲल्युमिनियमच्या नळ्या बसवल्या, आतून तीन हात दिले. नोट पुन्हा घातली, दोन्ही बाजूंनी सारखी सरकली.

"मग लॅमिनेट?" मुलाने विचारले.

"पुढच्या पावसाळ्यात नोट घालून बघ बेटा. अडकली तर ये, तेव्हा बोलू." बिलात रेझिन, नळ्या आणि चार दिवसांची मजुरी होती.